फुफ्फुसातली हार्मोन तयार करणारी गाठ: निदानापासून उपचारापर्यंत, पायरीपायरीने

ज्यांच्या रिपोर्टवर ‘कार्सिनॉइड’ किंवा ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ हे शब्द पहिल्यांदाच आले आहेत त्यांच्यासाठी, आणि त्यांची फाईल घेऊन ओपीडीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या घरच्यांसाठी हा लेख आहे. आजार दुर्मीळ आहे. फुफ्फुसाच्या शंभर गाठींमध्ये कार्सिनॉइड एखाद-दुसरीच निघते. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाला याचा अनुभव नसतो आणि सल्ले मिळतात ते नेहमीच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे. इथे ते बरेचदा लागू पडत नाहीत. या आजारात मोठं नुकसान होतं ते तपासण्यांचा क्रम चुकल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

आधी रिपोर्टवरचं नाव नीट वाचा

आपल्या श्वासनलिकांच्या अस्तरात काही पेशी अशा असतात की त्या मुळातच संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, तयार करतात. त्यांना न्यूरोएंडोक्राइन पेशी म्हणतात. या जातीच्या गाठींचे चार मुख्य प्रकार आहेत: टिपिकल कार्सिनॉइड, अटिपिकल कार्सिनॉइड, लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा आणि स्मॉल सेल कार्सिनोमा. चौघांचं कूळ एक असलं तरी स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली २ चौरस मिलिमीटर भागात किती पेशी विभागताना दिसतात ते मोजतात. आकडा २ पेक्षा कमी असेल आणि गाठीत मेलेल्या पेशींचे पुंजके नसतील तर टिपिकल. २ ते १० असेल, किंवा असे पुंजके दिसले, तर अटिपिकल. त्यापुढे गेला की शेवटच्या दोन आक्रमक प्रकारांचा विचार सुरू होतो. टिपिकल कार्सिनॉइड वेळेत पूर्ण काढली तर पाच वर्षांनंतर दहापैकी साधारण नऊ रुग्ण हयात असतात. स्मॉल सेल मात्र आठवड्या-महिन्यांत पसरू शकतो आणि त्याचा धूम्रपानाशी थेट संबंध आहे. कार्सिनॉइडचा धूम्रपानाशी असा पक्का संबंध दिसत नाही. ती विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला, क्वचित त्याहून तरुण व्यक्तीलाही होते. त्यामुळे ‘तू काय केलंस म्हणून हे झालं’ हा प्रश्न रुग्णाला विचारू नका. त्याला उत्तर नसतं आणि त्याने माणूस खचतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच: बहुतेक कार्सिनॉइड गाठी त्रास होईल इतकं हार्मोन तयार करत नाहीत. ज्या करतात त्यांचं प्रमाण थोडं आहे, पण निदानाचा खरा गुंता तिथेच होतो. या लेखात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

पहिली पायरी: लक्षणांची जुळणी

गाठ मोठ्या श्वासनलिकेत असेल तर खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, थुंकीतून रक्त, आणि फुफ्फुसाच्या एकाच भागात पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया ही लक्षणं दिसतात. एकाच जागी दोनदा न्यूमोनिया झाला तर नळीत काही अडकलं आहे का, हे बघायलाच हवं. दम्याचा आवाज सहसा दोन्ही बाजूंना येतो. एकाच बाजूला येत असेल आणि इन्हेलर नियमित घेऊनही फरक पडत नसेल तर डॉक्टरांना छातीच्या सीटी स्कॅनबद्दल विचारा.

आपल्याकडे थुंकीतून रक्त पडलं की पहिला संशय टीबीचा येतो. तो बरोबरच आहे, टीबी शोधलाच पाहिजे. पण बेडक्याची तपासणी आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह असताना केवळ एक्स-रेवरच्या सावलीवर औषधं सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत सावली तसूभरही हलली नाही, तर निदानाचा फेरविचार करायची वेळ आलेली असते. औषधं मनाने बंद करू नका. त्याच डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “दुसरं काही असू शकतं का?”

हार्मोनची लक्षणं छातीपासून दूर दिसतात, म्हणूनच ती चुकतात. चेहरा आणि मान अचानक लालबुंद होऊन गरम होणं, पाण्यासारखे जुलाब आणि धाप हे एकत्र आलं तर त्याला कार्सिनॉइड सिंड्रोम म्हणतात. यामागे सेरोटोनिन आणि तशीच इतर रसायनं असतात. आतड्यातल्या गाठीचं हार्मोन यकृतात मोडलं जातं, त्यामुळे तिथे हा त्रास बहुधा आजार यकृतात पसरल्यावरच सुरू होतो. फुफ्फुसातलं रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाच्या डाव्या बाजूला जातं, म्हणून फुफ्फुसाच्या गाठीत पसरण्याआधीही तो होऊ शकतो.

दुसरा प्रकार कुशिंग सिंड्रोमचा. गाठ एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, ते मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना हाकत राहतं आणि शरीरात कॉर्टिसॉलचा पूर येतो. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय मात्र काटकुळे होतात. पोटावर-मांड्यांवर जांभळे पट्टे उमटतात, जरा लागलं की काळंनिळं पडतं. बीपी आणि शुगर एकदम वाढतात. गाठ वेगाने वाढणारी असेल तर वजन वाढण्याऐवजी घटतं, त्वचा काळवंडते आणि स्नायू इतके कमकुवत होतात की उकिडवं बसलेल्या माणसाला उठवत नाही. अशा रुग्णाचं पोटॅशियम वारंवार कमी येतं. नव्याने झालेला बीपी, नव्याने झालेली शुगर आणि कमी पोटॅशियम हे तिन्ही एकाच माणसात काही महिन्यांत आले तर फक्त गोळ्या वाढवत जाणं धोक्याचं आहे.

स्मॉल सेल कॅन्सरमध्ये बरेचदा सोडियम उतरतं. माणूस असंबद्ध बोलतो, पेंगतो, कधी आकडी येते. फार क्वचित कार्सिनॉइड गाठीमुळे वाढीचं हार्मोन जास्त होतं आणि प्रौढपणी चपलेचा नंबर वाढतो, अंगठी बसेनाशी होते.

दुसरी पायरी: बाहेरून स्टेरॉइड जातंय का ते शोधा

कॉर्टिसॉलच्या तपासण्या करण्याआधी घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. खाज-डागांवरची मलमं, इन्हेलर, गुडघ्यात घेतलेली इंजेक्शनं, सांधेदुखीवर किंवा दम्यावर आणलेल्या बिनलेबलच्या पुड्या, सगळं. कुशिंगसारखा चेहरा होण्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड हेच आहे, आणि अशा काही पुड्यांत ते निघतं. हे लपवलं तर पुढच्या प्रत्येक तपासणीचा अर्थ चुकीचा लागतो. पुडी स्टेरॉइडची आहे असं कळलं तरी ती एका दिवसात बंद करायची नसते, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असतं. ती कशी कमी करायची हे डॉक्टर ठरवतील.

तिसरी पायरी: हार्मोन खरंच जास्त आहे हे सिद्ध करणं

इथे घाई नको. आधी हार्मोन जास्त असल्याचं सिद्ध करायचं आणि मग ते कुठून येतं ते शोधायचं. उलटं केलं, म्हणजे आधीच डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन काढले, तर कुठेतरी एखादी निरुपद्रवी गाठ सापडते आणि तिच्याच मागे वेळ जातो.

कुशिंगसाठी तीन तपासण्या आहेत: २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, रात्री उशिरा घेतलेल्या लाळेतलं कॉर्टिसॉल, आणि डेक्सामेथासोन चाचणी. शेवटच्या चाचणीत रात्री ११ ते १२ च्या दरम्यान १ मिलिग्रॅमची गोळी घेऊन सकाळी ८-९ वाजता रक्त द्यायचं. निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल या गोळीने दबतं, १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहिलं तर पुढे तपासावं लागतं. एका रिपोर्टवर निर्णय होत नाही. किमान दोन वेगवेगळ्या तपासण्या स्पष्ट बिघडलेल्या हव्यात.

टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन आणि आकडीवरचं फेनिटोइन यांच्यामुळे डेक्सामेथासोन शरीरातून भराभर निघून जातं आणि चाचणी खोटी पॉझिटिव्ह येते. गर्भनिरोधक गोळ्यांनीही रक्तातलं कॉर्टिसॉल जास्त दिसतं. टीबीचा उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे आवर्जून सांगा.

२४ तासांची लघवी जमा करताना सर्वाधिक चुका होतात, म्हणून नीट वाचा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, रात्रीची आणि शौचाच्या वेळचीही, लॅबने दिलेल्या कॅनमध्ये जमा करायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी कॅनमध्ये घेतली की संपलं. मध्ये एकदा जरी विसरलात तरी लॅबला तसं सांगा आणि पुन्हा सुरुवात करा. सेरोटोनिनसाठीची तपासणी, म्हणजे ५-एचआयएए, हीसुद्धा अशाच लघवीत होते. त्यासाठी कॅनमध्ये आधीच अॅसिड घातलेलं असू शकतं. ते ओतून टाकू नका, अंगावर उडू देऊ नका. या तपासणीच्या दोन-तीन दिवस आधीपासून आणि लघवी जमा करताना केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड, वांगी आणि किवी बंद ठेवा. आमटी-भाजीत टोमॅटो नकळत पडतो, स्वयंपाक करणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

कॉर्टिसॉल जास्त आहे हे ठरल्यावर रक्तातलं एसीटीएच बघतात. हा नमुना नाजूक असतो. तो थंड ट्यूबमध्ये घेऊन बर्फात ठेवावा लागतो आणि लगेच वेगळा करावा लागतो, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. त्यामुळे घरी येऊन रक्त नेणाऱ्या सेवेपेक्षा ज्या रुग्णालयात ही तपासणी रोज होते तिथे जाऊन रक्त दिलेलं बरं. एसीटीएच अगदीच कमी असेल तर दोष अॅड्रिनलमध्ये आहे. २० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर ते मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून तरी येतंय किंवा दुसऱ्या कुठल्या गाठीतून. या दुसऱ्या गटात फुफ्फुसाच्या कार्सिनॉइडचा वाटा मोठा आहे.

क्रोमोग्रॅनिन ए नावाची रक्ततपासणी बरेचदा सांगितली जाते. तिच्यावर फार विसंबू नका. अॅसिडिटीसाठी घेतलेल्या पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्यांनी ती कित्येक पटींनी वाढते आणि मूत्रपिंडाच्या आजारातही वाढते. आपल्याकडे ही गोळी अर्ध्या घरांत रोज सकाळी घेतली जाते, आणि फुगलेला आकडा पाहून सगळ्यांची झोप उडते. तपासणीआधी ती गोळी साधारण दोन आठवडे थांबवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

चौथी पायरी: गाठ कुठे आहे

एसीटीएच जास्त असेल तर पिट्युटरीचा एमआरआय होतो, आणि इथे मोठा सापळा आहे. सुमारे दहा टक्के निरोगी माणसांच्या पिट्युटरीतही काही मिलिमीटरचा ठिपका दिसतो. तो बघून मेंदूच्या तळाची शस्त्रक्रिया झाली आणि खरी गाठ फुफ्फुसातच राहिली, असं होऊ शकतं. म्हणून ठिपका लहान असेल किंवा चित्र संशयास्पद असेल तर पिट्युटरीतून रक्त वाहून आणणाऱ्या शिरांमधून थेट नमुने घेतात. जांघेतून बारीक नळ्या वर नेऊन ही तपासणी होते. तिथलं एसीटीएच हातातल्या शिरेपेक्षा दुपटीहून जास्त, आणि उत्तेजक इंजेक्शननंतर तिपटीहून जास्त असेल तर दोष पिट्युटरीत. तसं नसेल तर शोध छातीकडे आणि पोटाकडे वळतो. हे काम सराव असलेल्या केंद्रातच करून घ्या. मुंबईत परळच्या केईएमसारख्या मोठ्या सरकारी वा पालिका रुग्णालयांत एंडोक्राइनोलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. कुशिंगच्या रुग्णाने कॅन्सर तज्ज्ञाइतकीच एंडोक्राइनोलॉजिस्टचीही गाठ घेतली पाहिजे.

छातीचा सीटी पातळ कापांचा आणि रंगद्रव्य देऊन केलेला हवा. एसीटीएच सोडणारी गाठ कधी सेंटिमीटरभरही नसते. त्यापुढचा स्कॅन म्हणजे गॅलियम-६८ डोटाटेट पेट-सीटी. या गाठींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हार्मोनला पकडणारे हुक असतात. डोटाटेट त्यांना चिकटतं आणि गाठ उजळून दिसते. नेहमीचा साखरेचा पेट स्कॅन, म्हणजे एफडीजी, संथ कार्सिनॉइडमध्ये फिका येऊ शकतो, आणि गाठ आक्रमक असेल तर तोच जास्त उपयोगी पडतो. दोन्ही सांगितले तर पैसे उकळतात असं लगेच समजू नका. ऑक्ट्रिओटाइडची (हार्मोनचा त्रास कमी करणारं औषध) महिन्याची इंजेक्शनं चालू असतील तर डोटाटेट स्कॅनची तारीख पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधीची घ्या.

सगळं करूनही गाठ न सापडणं हेही या आजारात होतं. तेव्हा कॉर्टिसॉल औषधांनी आटोक्यात ठेवून सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा शोधतात.

पाचवी पायरी: तुकडा आणि त्याचं वाचन

मोठ्या नळीतली गाठ ब्रॉन्कोस्कोपीत दिसते: गुळगुळीत, लालसर, रक्ताने भरलेली. तुकडा घेताना रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. कडेच्या गाठीसाठी सीटीच्या मदतीने सुई घालतात.

लहान तुकड्यात पेशी चिरडल्या गेल्या तर कार्सिनॉइड स्मॉल सेलसारखी दिसू शकते. हा गोंधळ जिवावर बेततो, कारण दोघांचे उपचार पूर्ण वेगळे. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन आणि केआय-६७ हे रंग रिपोर्टमध्ये आहेत का बघा. केआय-६७ म्हणजे वाढीच्या मार्गावर असलेल्या पेशींची टक्केवारी. ती एक-दोन टक्के असताना रिपोर्ट स्मॉल सेल म्हणत असेल तर काहीतरी चुकतंय. अशा वेळी लॅबकडून स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या आणि या गाठींचा सराव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. स्लाइड आणि ब्लॉक मागणं हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात संकोच नको. टिपिकल की अटिपिकल हे मात्र पुष्कळदा अख्खी गाठ काढल्यावरच पक्कं ठरतं.

सहावी पायरी: ऑपरेशनच्या आधी हार्मोनला लगाम

कुशिंगचा रुग्ण थेट टेबलावर घेऊ नये. कॉर्टिसॉल खूप वाढलेलं असताना जखम भरत नाही, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि जंतुसंसर्ग तापाविनाच वाढत जातो. केटोकोनाझोल किंवा मेटिरापोनसारख्या गोळ्यांनी आधी कॉर्टिसॉल खाली आणतात. केटोकोनाझोलवर असताना यकृताची तपासणी वरचेवर लागते. पोटॅशियम भरून काढतात, गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शन देतात. परिस्थिती हाताबाहेर असेल तर आयसीयूत इटोमिडेटचं ड्रिप, आणि काहीच लागू पडलं नाही तर दोन्ही अॅड्रिनल ग्रंथी काढणं हा पर्याय उरतो. तो ऐकायला भयंकर वाटतो, पण जीव वाचवतो. नंतर आयुष्यभर स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

कार्सिनॉइड सिंड्रोम असेल तर भूल देण्यापूर्वी ऑक्ट्रिओटाइडची तयारी हवी, कारण गाठ हाताळताना हार्मोनचा लोंढा सुटून बीपी कोसळू शकतं. हृदयाच्या झडपा बघण्यासाठी इकोही करून घ्या. दात काढायला गेलात तरी डेंटिस्टला हा आजार सांगा. बधिर करण्याच्या इंजेक्शनमध्ये बरेचदा अॅड्रिनलीन असतं आणि त्याने हार्मोनचा असाच लोंढा सुटू शकतो.

सातवी पायरी: शस्त्रक्रिया

पसरली नसेल तर कार्सिनॉइडवरचा खरा उपाय शस्त्रक्रिया हाच. बहुधा फुफ्फुसाचा तो लोब (खंड) आणि छातीतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढतात. गाठ नळीच्या तोंडाशी असेल तर नळीचा तेवढा भाग कापून टोकं पुन्हा जोडता येतात, म्हणजे निरोगी फुफ्फुस वाचतं. “संपूर्ण फुफ्फुस काढावं लागेल” असं कुणी सांगितलं तर या पद्धतीबद्दल विचारा आणि दुसरं मत घ्या. ब्रॉन्कोस्कोपीतूनच गाठ जाळून काढणं मोजक्याच रुग्णांना योग्य ठरतं.

कुशिंगच्या रुग्णाच्या गाठीचं एसीटीएच बंद झालं की स्वतःच्या झोपलेल्या अॅड्रिनल ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. काही महिने, कधी वर्षभर हायड्रोकॉर्टिसोन घ्यावं लागतं. या काळात थकवा आणि अंगदुखी होते. त्याचा अर्थ ऑपरेशन फसलं असा नाही, बहुधा उलटाच असतो. गोळी एक दिवसही चुकवू नका. ताप आला तर डोस वाढवायचा असतो, आणि उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर तडक रुग्णालयात जाऊन इंजेक्शन घ्यायचं. ‘स्टेरॉइड अचानक बंद करू नये’ असं लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा.

आठवी पायरी: गाठ पसरली असेल तर

पसरलेली कार्सिनॉइडही बरेचदा संथ असते आणि माणूस तिच्यासह कित्येक वर्षं काम करत जगतो. ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं दर चार आठवड्यांचं इंजेक्शन हार्मोनचा त्रास कमी करतं आणि वाढही रोखू शकतं. त्याने पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि शौच तेलकट होते. त्यापुढची गोळी एव्हरोलिमस. हार्मोनचा त्रास नसलेल्या, पुढे गेलेल्या गाठींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आजार न वाढण्याचा साधारण (मध्यक) काळ ३.९ महिन्यांवरून ११ महिन्यांवर गेला आणि २०१६ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या अशा गाठींसाठी तिला मंजुरी मिळाली. ती सुरू करण्याआधी छुपा टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासून घ्या. गोळी चालू असताना नवा खोकला किंवा धाप आली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. औषधामुळेच फुफ्फुसाला सूज येते कधीकधी.

डोटाटेट स्कॅनमध्ये गाठी चांगल्या उजळत असतील तर ल्युटेशियम-१७७ वापरून किरणोत्सारी औषध थेट गाठीपर्यंत पोचवता येतं. याला पीआरआरटी म्हणतात. साधारण आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने चार वेळा देतात. मूत्रपिंडं जपण्यासाठी सोबत अमिनो आम्लांचं ड्रिप असतं. याचा भक्कम पुरावा आतड्याच्या गाठींबाबत आहे, फुफ्फुसासाठी तज्ज्ञ ते निवडून देतात. हे ल्युटेशियम मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये या उपचाराचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. परदेशात जायचा विचार करण्याआधी तिथे विचारा. वेगाने वाढणाऱ्या कार्सिनॉइडमध्ये टेमोझोलोमाइड आणि कॅपेसिटाबिनसारखी केमोथेरपी दिली जाते. २०२५ मध्ये अमेरिकेत कॅबोझँटिनिबलाही आधीच्या उपचारांनंतर वाढलेल्या न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी मंजुरी मिळाली.

स्मॉल सेल निघाला तर वरचा संथ हिशेब विसरा. प्लॅटिनम आणि इटोपोसाइडची केमोथेरपी दिवसांत सुरू व्हावी लागते, सोबत आजाराच्या पसाऱ्यानुसार रेडिएशन किंवा इम्युनोथेरपी. सोडियम कमी असेल तर ते हळूहळूच वर आणायचं असतं, एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते.

कुठे जावं, खर्च कसा

छातीचा सर्जन, एंडोक्राइनोलॉजिस्ट, न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर आणि कॅन्सर तज्ज्ञ एका टेबलावर बसून निर्णय घेतात असं केंद्र निवडा. गावाकडून सगळ्यांनी टाटा मेमोरियललाच धाव घेतली पाहिजे असं नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली रुग्णालयं जोडलेली आहेत. जवळचं कोणतं ते पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया किंवा औषध बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. भरती झाल्यावर कागद जमवताना फार ओढाताण होते.

पुढची वर्षं

कार्सिनॉइड दहा वर्षांनंतरही परत येऊ शकते. पाच वर्षं झाली म्हणून तपासण्या सोडू नका. अटिपिकल असेल किंवा लसिका गाठींत आजार सापडला असेल तर स्कॅन जास्त वेळा लागतात. जुन्या सीटीच्या सीडी जपून ठेवा; नवा ठिपका खरंच नवा आहे की आधीपासूनच होता, हे फक्त जुन्या चित्रांशी ताडून कळतं. रक्तात कॅल्शियम जास्त असेल, मुतखडे वारंवार होत असतील किंवा घरात कुणाला पिट्युटरी वा स्वादुपिंडाची गाठ झाली असेल तर एमईएन-१ या आनुवंशिक दोषाची तपासणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागते.